छप्पन नंबरचे तिघे

नरेश, परवा विहारात तुझ्या शोकसभेला जे बोललं गेलं त्यातलं निम्मं मला पटलं नाही. तुझ्या लॅबचे साहेब माइकवर म्हणाले, "नरेशच्या कामात कधी एकही चूक निघाली नाही." मी पुढेच बसलो होतो. मान खाली घातली नाही, सरळ त्यांच्याकडे बघत राहिलो. ज्या माणसाने स्वतःला, स्वतःच्या साडूला आणि साडूच्या मुलीला एकाच नंबरात कोंबलं होतं, त्याच्या कामात चूक नाही असं म्हणणारा एकतर तुला ओळखत नव्हता, नाहीतर त्याला काहीतरी झाकायचं होतं. मला दुसरं वाटलं. तुला माहीत आहे, मला नेहमी दुसरंच वाटतं.

तू गेलास त्या दिवशी रविवार होता. दारव्ह्याच्या जीपस्टँडवर, यवतमाळच्या जीपमध्ये बसता बसता छातीत कळ आली आणि संपलं. तुझं सामान म्हणून जी कापडी पिशवी घरी आली तिच्यात पाण्याची बाटली आणि तुरीच्या हिरव्या शेंगा होत्या. सांत्वनाला येणारा प्रत्येक माणूस सुषमाला पहिलं हेच विचारायचा, "रईवारी दारव्ह्याले कायले गेलते?" तिला सांगता येत नव्हतं. नवरा गेला याचं दुःख एकीकडे, आणि तो कुठे गेला होता हे बायकोला माहीत नाही याची लाज दुसरीकडे. लोक तिच्या तोंडाकडे बघायचे, मग एकमेकांकडे बघायचे.

माझ्याही मनात एक प्रश्न होता आणि तो सुषमाच्या प्रश्नापेक्षा वाईट होता. मला वाटत होतं की तू आमच्या घराची चूक दुरुस्त केलीस आणि बाकीच्या लोकांची तशीच सोडून दिलीस.

जे तुला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. माझ्या बायकोची, मीनाची, धाकटी बहीण सुषमा. तिचा तू नवरा. म्हणजे आपण साडू. साडूंनी एकमेकांना थोडं पाण्यात पाहावं असा रिवाज आहे, तो आपण पाळला. तू रक्ततपासणीच्या लॅबचा डेटाबेस सांभाळायचास. मी शेतीखात्यात आकडेवारीच्या कामावर. पीक कापणीचे प्रयोग करायचे, शेतात दोरीने चौकोन आखायचा, त्यातलं सोयाबीन कापायचं, मळायचं, वजन करायचं आणि तो आकडा वर पाठवायचा. एकदा तू हौसेने माझ्यासोबत बाभुळगावकडच्या शेतात आला होतास. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून मी तुला दुसऱ्या गावांचे आलेले आकडे दाखवले होते.

"याच्यात खोटे कोणते, सांग."

तू बराच वेळ पाहिलंस. "मले तं सारेच खरे दिसून राह्यले, भाऊ."

"शेवटचा अंक पाहा. शून्य, पाच, शून्य, शून्य, पाच. खरं वजन असं गोल येत नसतं. हे घरी बसून लिहिलेले आहेत."

तू हसलास. म्हणालास, "तुमी मानूस भेटला तरी त्याचा शेवटचा अंक पाहता." घरी येऊन मीनाला सांगितलंस. तिने लगेच जोड दिली, "यायले कोनी फूल देल्लं तं पयले पाकळ्या मोजतीन."

पुढे जे झालं ते सगळं त्या शेवटच्या अंकावरून झालं.

आमच्यात लग्न जुळवताना पत्रिका पाहत नाहीत. सिकलचा रिपोर्ट पाहतात. सिकलसेल हा रक्ताचा आजार आपल्या भागात घरोघर माहीत आहे. ज्याच्या रक्तात त्याची निम्मी खूण असते तो वाहक. त्याला स्वतःला सहसा त्रास नसतो. पण दोन वाहकांचं लग्न झालं तर दर मुलामागे चारात एक शक्यता असते की मूल तो आजार घेऊनच येईल. माझ्या मुलीला, प्राचीला, नेरचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, बोलका. त्याने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, "मी वाहक आहे. तुमचा रिपोर्ट पाहून ठरवा." प्राचीला तो तिथेच आवडला. ती बोलली नाही, पण त्या दिवशी तिने चहात साखर दोनदा टाकली.

आणि तिचा रिपोर्ट आला तो वाहक.

तपासणी आपण तिघांनी सासुरवाडीच्या गावी केली होती, तुमच्या लॅबचा कॅम्प होता तेव्हा. लोक रक्त द्यायला बिचकत होते म्हणून तू म्हणालास, घरचेच आधी उभे राहू. रांगेत पुढे प्राची, तिच्या मागे तू, तुझ्या मागे मी. रिपोर्टही तूच घेऊन आलास, तिघांचे एकत्र. तिघेही वाहक. प्राची आत निघून गेली. तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "भाऊ, पोरीले तुमच्याकडूनच आलं असन. वाईट वाटून घेऊ नका, मी बी तसाच निघालो."

सगळं जुळत होतं. बाप वाहक, मुलगी वाहक. कोणत्याही डॉक्टरने तेच सांगितलं असतं. जिथे सगळं जुळतं तिथे मला झोप लागत नाही. मी तिन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि निकालाऐवजी वरचे नमुना नंबर पाहिले. सतरा अंकी नंबर, सत्तावीसने सुरू होणारा. तिघांच्याही नंबरच्या शेवटी छप्पन. सतराच्या सतरा अंक सारखे.

कॅम्पमध्ये हातावर जे स्टिकर दिलं होतं ते मी मोबाइलच्या कव्हरच्या आत चिकटवून ठेवलं होतं. काढून पाहिलं. शेवटी सत्तावन.

तुला फोन केला. तू म्हणालास, छपाईत काहीतरी झालं असेल. मला हे ऐकून जास्तच शंका आली. एक्सेलमध्ये लांब नंबर टाकला की पंधरा अंकांपुढे तो शून्य करतो, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांनी भोगलेलं आहे. पण तिथे शून्य दिसतं, डोळ्यांना खुपतं, माणूस सावध होतो. इथे शून्य नव्हतं. छप्पन होतं. अगदी खऱ्यासारखा दिसणारा खोटा अंक. मी सासुरवाडीला फोन करून मेव्हण्याकडून आणि शेजाऱ्यांकडून त्यांच्या रिपोर्टवरचे शेवटचे दोन अंक वाचून घेतले. चोवीस, चव्वेचाळीस, अठ्ठावीस, पुन्हा अठ्ठावीस, साठ. सगळे चारने भागले जाणारे. एवढ्या लोकांत एकही विषम नंबर नाही. रांगेतल्या एकाआड एक माणसाला काय जमिनीने गिळलं?

तू लॅपटॉप घेऊन आलास ती संध्याकाळ मला पुरती आठवते. मीनाने शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी ठेवली होती. तू हात लावला नाहीस. तू भाकरीला हात लावत नाहीस म्हणजे काहीतरी मोठं आहे, हे मीनाने ओळखलं.

"आधी आमचा नंबर लहान होता, भाऊ," तू म्हणालास. "डेटाबेसमध्ये स्टोअर्ड प्रोसिजर असते. म्हंजे कामाची रीत तिथंच लिहून ठेवायची. तिले नंबर द्या, निकाल द्या, ते बरोबर मानसाच्या नावापुढं लावून येते. नंबरासाठी तिच्यात एक खण ठेवा लागते. मी साधा पूर्णांकाचा खण ठेवला होता. दोनशे चौदा कोटींपर्यंत मावते त्याच्यात. मंग हा सतरा अंकी नंबर आला. राज्य, जिल्हा, तालुका, गाव, कॅम्प, आन शेवटी मानूस. पयल्याच दिवशी प्रोसिजरनं एरर देल्ला, आकडा मावत नाही म्हनून. नमुने थंड पेटीत पडून होते. साहेब मागं उभे होते. मी खण बदलला."

"कोणता टाकला?"

"दशांशवाला. तरंगता म्हनतात त्याले. त्याच्यात केवढाही मोठा आकडा मावते. एरर गेला."

"आणि त्याच्यासोबत काय गेलं?"

तू बोटं मोडत बसलास. मग म्हणालास, "शेवटचे अंक."

तू मला समजावून सांगितलंस आणि मला ते पटकन समजलं, कारण मी ते आधीच पाहिलं होतं. त्या खणात आकडा केवढा मोठा आहे ते टिकतं. नेमका कोणता ते ठरावीक लांबीपर्यंतच टिकतं. सत्तावीसने सुरू होणाऱ्या सतरा अंकी आकड्यांत तो चाराच्या टप्प्यानेच पावलं टाकतो. मधले त्याला दिसत नाहीत. ते जवळच्या चाराच्या पटीला नेऊन चिकटवतो. पंचावन्न नंबरची प्राची छप्पन झाली. छप्पन नंबरचा तू छप्पनच राहिलास. सत्तावन नंबरचा मी छप्पन झालो. तिघांपैकी ज्याचा निकाल शेवटी आला तो तिघांच्याही नावावर चढला.

"तपासून पाहिलं नाहीस?"

"पाह्यलं ना जी. सतरा अंकाच्या शेवटी शंभर टाकून पाह्यलं, दोनशे, हजार. साऱ्यायचं बरोबर आलं."

"सगळे गोल आकडे घेतलेस."

तू माझ्याकडे पाहिलंस आणि तुला तो धुरा आठवला, हे मला दिसलं. शंभरला चारने भाग जातो, दोनशेला जातो, हजाराला जातो. त्या खणात ते जसेच्या तसे बसणारच होते.

मी त्या दिवशी तुला फार बोललो आणि त्यातला एक शब्दही मागे घ्यायला मी आज तयार नाही. माणसं एकमेकांना शेवटच्या अंकांनी ओळखतात. तुमच्या लॅबमध्येसुद्धा "छप्पन आन, सत्तावन ठेव" असंच म्हणतात. सतरा अंक कोणी वाचत नाही, कारण पुढचे सगळ्या गावाचे सारखे असतात. माणूस असतो तो अगदी शेवटी. तुझ्या खणाने राज्य सांभाळलं, जिल्हा सांभाळला, तालुका सांभाळला, आणि माणूस सोडून दिला. आणि तो एररसुद्धा देत नव्हता. आधीचा लहान खण बरा. मावत नाही म्हणून ओरडला तरी होता.

दुसऱ्या दिवशी तिघांचं रक्त वेगळ्या लॅबमध्ये दिलं. प्राची नॉर्मल. मी नॉर्मल. तू वाहक. रिपोर्ट हातात घेऊन तू म्हणालास, "घ्या भाऊ, म्हंजे तिघात माहं एकट्याचंच खरं निंघालं." आपण लॅबच्या पायरीवर उभे राहून हसलो. तुझा रिपोर्ट ऐकून लगेच सुषमाचं आणि तुमच्या मुलीचं रक्त तपासलं. तू गेल्यावर काही लोक कुजबुजले की सिकलमुळे गेला. मी प्रत्येकाला तिथल्या तिथे सांगितलं की तुझं हृदय तुझ्या वडिलांसारखंच कमजोर होतं आणि ते सगळ्या घराला माहीत होतं. एकाही माणसाला ती कुजबुज माझ्यासमोर दुसऱ्यांदा करू दिली नाही.

प्राचीचं नेरचं ठरलं. साखरपुड्यात तू सगळ्यात जास्त नाचलास. मी खुर्चीवर बसून तुझ्याकडे पाहत होतो आणि मनात एकच चाललं होतं. आमच्या मुलीला नसलेली खूण लागली होती, ती निघाली. पण ज्यांना असलेली खूण पुसली गेली असेल त्यांचं काय? "नॉर्मल" लिहिलेला कागद घेऊन कोणी वाहक दुसऱ्या वाहकाशी लग्न लावत असेल. त्यांच्या घरात शेवटचा अंक पाहणारा कोण आहे?

मी तुला तिथेच बाजूला घेतलं होतं. आठवतं?

"बाकीच्या गावांचं काय केलंस?"

"करून राह्यलो, भाऊ."

"सगळ्यांना सांग. जिथे जिथे नवीन नंबरचे कॅम्प झाले तिथे जाहीर कर."

"आता जाहीर केलं तं लोक सारे रिपोर्ट फाडून फेकतीन. खरे बी फेकतीन. पुन्हा कोनी हात पुढं करन काय? आधी मले पाहू द्या कोनाचं बदललं ते."

"म्हणजे झाकायचं."

"झाकायचं काहून? थांबा म्हनलं."

"तुझ्या साहेबांनी सांगितलं का थांबायला?"

तुझा चेहरा उतरला आणि तू पुन्हा नाचायला गेलास. मी त्या जाण्याचा अर्थ माझ्या पद्धतीने लावला.

एक वाद मात्र तू मजेने चालू ठेवला होतास. माझं म्हणणं, ज्या आकड्याची कधी बेरीज करायची नाही, वजाबाकी करायची नाही, तो आकडाच नव्हे. ते माणसाचं नाव आहे, अंकांत लिहिलेलं. ते अक्षरांसारखं ठेवा, एकेक अंक जसाच्या तसा. तू म्हणायचास, पूर्णांकाचा मोठा खण असतो, एकोणीस अंकांपर्यंत नेमका राहतो, शोधायला जलद पडतो, तो पुरतो. मी म्हणायचो, उद्या वीस अंकी केला तर? "उद्याचं उद्या पाहू, भाऊ." मी म्हणायचो, मागच्या वेळीही तू हेच म्हणाला असशील. मग मीना ओरडायची, "तुमचे खण भरा आता, जेवाले बसा."

त्यानंतर तू रविवारी दिसेनासा झालास. पूर्वी रविवारी तू आमच्याकडे यायचास, शेवटची भाकरी तुझी असायची. आता सुषमाचा फोन यायचा. "ताई, हे तिकडं आले काय?" मीना म्हणायची, नाही आले. संध्याकाळी तू घरी पोचायचास, पायात धूळ, पिशवीत कधी शेंगा, कधी बोरं, एकदा मोठा भोपळा. सुषमा मीनाला म्हणाली, "कोन देते यायले एवढ्या शेंगा? इचारलं तं म्हनते काम होतं. लॅब तं रईवारी बंद असते." मीनाने मला सांगितलं, तुम्ही विचारा. मी विचारणार होतो. पण मला वाटत होतं की तू मला टाळतो आहेस, बाकीच्या गावांचा प्रश्न पुन्हा निघू नये म्हणून. मग दारव्ह्याहून फोन आला.

आता परवाचं सांगतो. तुला सांगायला हवं, कारण तू समोर फोटोत होतास आणि तुझा चेहरा नेहमीसारखा काही कळू देत नव्हता.

पुण्यानुमोदन झालं. भाषणं झाली. साहेबांना मी बाहेर गाठलं. विचारलं, "नवीन नंबरच्या कॅम्पच्या रिपोर्टचं काय ठरलं?" ते म्हणाले, "कोणते रिपोर्ट? नरेशने सॉफ्टवेअर अपडेट केलं होतं, तेवढं मला माहीत." त्यांना सगळं माहीत होतं असं मला तेव्हाही वाटलं, आताही वाटतं. पण ते गाडीत बसून निघून गेले.

परत आलो तर चपलांच्या ढिगाजवळ अनोळखी माणसं उभी होती. एका जीपमधून आलेली, आठ-दहा जण. त्यात पस्तिशीची एक बाई पदराने डोळे पुसत होती. सुषमाने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. रविवार, दारव्हा आणि ही बाई, तिने मनात काय जोडलं ते मला कळलं.

मी सरळ जाऊन विचारलं. "तुम्ही कोण? नरेशला कसे ओळखता?"

"आमी बोरीचे जी," एक उंच माणूस म्हणाला. "बोरी अरब. मी गजानन. रांगेत मधात घुसलो होतो तो."

मला काही कळेना. त्याच्या मागची म्हातारी म्हणाली, "हाव, हाच तो. माह्या पुढं येऊन उभा राह्यला, वर म्हने मले कापूस वेचाले जायचं हाय. जसे आमी तं बसूनच खातो."

"काकू, मानूस मेला तरी तुमी ते सांगानच काय?"

"सांगीन. नरेशभाऊनंच म्हनलं होतं, ध्यानात ठेवा म्हून."

मग हळूहळू उलगडलं. सुषमा माझ्या बाजूला येऊन उभी राहिली होती.

तुमच्या तपासणीच्या यंत्राजवळ खरे नंबर होते आणि खरे निकाल होते. डेटाबेसमध्ये माणसांची नावं होती. दोघांच्या मधला दुवा, म्हणजे कोणाचा नंबर कोणता, तो तुझ्या त्या खणात गेला होता. नोंदी मागाहून एकगठ्ठा चढवलेल्या, कॅम्पचे कागद लॅबने जागा नाही म्हणून टाकून दिलेले, स्टिकरं लोकांनी फेकून दिलेली. पण नंबर रांगेप्रमाणे पडले होते, आणि रांग लोकांना आठवत होती. म्हणून तू दर रविवारी गावात जाऊन लोकांना शाळेच्या ओसरीवर उभं करत होतास.

"नरेशभाऊ एकच इचारे," गजानन म्हणाला. "तुमच्या पुढं कोन होतं? मांगं कोन होतं? खरं सांगा म्हने, नाही तं तुमचं रक्त शेजाऱ्याच्या नावानं जाईन. लोकाईले बाकी कोनी आठवे ना, पन मी साऱ्यायले आठवत होतो. मी कुठं घुसलो तिथून भाऊनं पुढची आन मांगची रांग जुळवली. मले म्हने, तुमी घुसले नसते तं मी फसलो असतो."

रांग जुळली की कोणत्या तीन-चार जणांत वेगवेगळे निकाल एकत्र झाले ते तुला कळायचं. मग तेवढ्याच लोकांचं रक्त पुन्हा घ्यायचास. सगळ्या गावाला हात पुढे करायला लावायची गरज नव्हती. तू मला "थांबा" म्हणाला होतास ते यासाठी. बाकीची गावं तू आधीच संपवली होतीस. बोरी शेवटचं होतं.

ती रडणारी बाई वच्छला. तिची मुलगी तिच्या मागे उभी होती, बारीक, अकरावीतली. "हिचा रिपोर्ट नॉर्मल होता जी. सांधे दुखून रडे तं सारे म्हनत, नाटक करते, अभ्यास नको म्हून. मी बी मारलं एकदा. भाऊनं पुन्हा रक्त नेलं. हिले आजारच निंघाला. आता गोळ्या चालू हाय. दुखनं कमी हाय." तिने रिपोर्ट काढून माझ्या हातात दिला, जणू मी तो तपासावा म्हणूनच आणला होता. मी तपासला. सवयीने आधी नंबरच पाहिला.

सतरा अंक होते, शेवटी एकोणसाठ. आणि सगळ्यांच्या आधी एक अक्षर होतं. "न".

नरेश, आकड्याच्या कोणत्याच खणात अक्षर बसत नाही. एकोणीस अंकांच्याही नाही. अक्षर लावायचं तर नंबर नावासारखाच ठेवावा लागतो. म्हणजे तू माझं ऐकलं होतंस. मला सांगितलं मात्र नाहीस. जेवताना वाद घालत राहिलास, भाकरी खात राहिलास, आणि लॅबमध्ये जाऊन माझ्या बाजूने लिहिलंस. मला न सांगण्यात तुला काय गंमत वाटत होती हे मला समजून घ्यायचं होतं. आता समजणार नाही. ते "न" नमुन्याचं की नरेशचं, हेही विचारायचं राहिलं.

सुषमाने एकच विचारलं. "आन शेंगा?"

"शेंगा मीच देत होतो, वयनी," गजानन म्हणाला. "भाऊ आमच्या इथं चहा बी घेत नव्हता. म्हने, माह्या चुकीनं आलो, पाहुना म्हून नाही आलो. मंग जाता जाता मी पिशवीत टाकून देऊ."

सुषमा हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता खाली बसली आणि वच्छलाने तिला धरलं. काही बायका वळून पाहू लागल्या. सुषमा तिथूनच मोठ्याने म्हणाली, "दारव्ह्याले कायले गेलते इचारत होते ना? या, ऐका आता." आणि तिने गजाननला पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगायला लावलं.

जाताना म्हातारी मला म्हणाली, "तीन घरं राह्यले जी आमच्याकडचे. त्यायच्यात कोन पुढं, कोन मांगं, ते जुळून नाही राह्यलं. त्या दिवशी भाऊ म्हनून गेला, येत्या रईवारी पक्कं करू. त्याच्यातल्या एका पोराचं लग्न हाय आता."

मी साहेबांना लेखी कळवलं आहे आणि उत्तराची वाट पाहत नाही. येत्या रविवारी दारव्ह्याहून बोरीची जीप पकडतो आहे. रक्त घ्यायला तुझ्या लॅबमधली सिस्टर यायला तयार झाली. रांग मला जुळवता येईल असं वाटतं. कोण खरं सांगतो आणि कोण अंदाजाने, एवढं ओळखायची मला सवय आहे. गजाननला ओसरीवर आधी उभा करीन, मग बाकीच्यांना. प्रश्न तुझाच विचारीन.

आणि त्यांच्यापैकी कोणी मला उलट विचारलं, की तुमच्या पुढं कोन होतं, तर सांगीन, नरेश होता. त्याचा छप्पन. माझा सत्तावन.